दार लावले आहे, मुले निजली आहेत

लूकच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात अर्ध्या रात्री मित्राच्या दाराशी येऊन, घरी आलेल्या पाहुण्यासाठी तीन भाकरी उसन्या मागणाऱ्या माणसाची गोष्ट आहे. प्रवचनात ती बहुधा चिकाटीने प्रार्थना करण्याचा दाखला म्हणून सांगितली जाते आणि ते योग्यच आहे, कारण येशूने ती त्याच संदर्भात सांगितली. माझे लक्ष मात्र लहानपणापासून दाराबाहेरच्या माणसापेक्षा आतल्या माणसाकडे अधिक जाते. तो म्हणतो, मला त्रास देऊ नकोस, दार लावले आहे, मुले माझ्याजवळ निजली आहेत. दहा बाय बाराच्या खोलीत वाढलेल्या मुंबईकराला यातला शब्दन् शब्द कळतो. उठायचे म्हणजे अंधारात कोणाच्या तरी अंगावरून पाय टाकायचा, दिवा लावायचा, कडी काढायची आणि झोपमोड झालेल्या पोराला पुन्हा थोपटत बसायचे. हा माणूस दुष्ट नाही आणि चिक्कूही नाही. भाकरी घरात आहे, ती द्यायला त्याची ना नाही. त्याच्या जिवावर येते ते उठणे. पुढे येशू जे सांगतो ते तर फारच व्यवहारी आहे: मैत्रीखातर तो उठणार नाही, पण बाहेरच्याने आग्रह सोडला नाही म्हणून उठेल आणि हवे तितके देईल. मनात माया दाटून आली म्हणून नाही, वैतागून का होईना, तो उठतो, आणि पाहुण्याच्या पानात भाकरी पडते.

ख्रिस्ती दानधर्माविषयी आपल्याकडे जे बोलले जाते, त्यात अंतःकरण, करुणा, प्रेम यांचा उल्लेख इतक्या वेळा होतो की ज्याच्या मनात ऐन वेळी यातले काहीच उमटत नाही, त्याने काय करावे हा प्रश्न बाजूलाच राहतो. मला त्या माणसाविषयी लिहायचे आहे, कारण माझ्या ओळखीतले बहुतेक जण, मी धरून, त्याच जातीचे आहेत.

या शहरात हात कसा आखडतो हे पाहायचे असेल तर बुधवारी माहीमला जावे. सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी नोव्हेना नावाची प्रार्थना होते आणि त्या दिवशी सर्व धर्मांचे लोक मेणबत्त्या आणि ज्यासाठी मागणे असेल त्याच्या मेणाच्या प्रतिकृती घेऊन रांगेत उभे असतात. कोणाच्या हातात मेणाचे घर, कोणाच्या हातात मेणाचे बाळ, कोणाच्या हातात मेणाचा पाय. फाटकाबाहेर जी माणसे बसलेली असतात त्यांतल्या एकाला घर नसते, एकीच्या मांडीवर बाळ असते आणि एकाचा पाय गुडघ्याखाली नसतो. नुकतीच प्रार्थना आटोपून बाहेर पडलेला भाविक फाटकाशी आला की त्याची चाल किंचित वाढते, मोबाइल कानाला लागतो, नजर टॅक्सी शोधू लागते. काही जण सुटे पैसे मुठीत तयार ठेवून निघतात आणि समोरच्या तळहातावर ते ठेवताना चेहऱ्याकडे पाहण्याचे शिताफीने टाळतात. मला हे देणे आणि ते टाळणे यांत फार अंतर दिसत नाही. दोघांनाही तिथून लवकर सुटायचे असते. एक जण त्यासाठी पाच रुपये मोजतो, एवढेच.

विचारले तर उत्तरे ठरलेली असतात. या लोकांच्या टोळ्या असतात, पैसे दारूत जातात, एकाला दिले की दहा जमतात, सरकार काय झोपले आहे का. यातले एकही उत्तर सर्वस्वी खोटे नाही, आणि खरी अडचण तीच आहे. शिवाय कायदाही या उत्तरांच्या बाजूने उभा आहे. भीक मागण्यास प्रतिबंध करणारा १९५९ चा मुंबईचा कायदा पोलिसांना वॉरंटाशिवाय भिकाऱ्याला पकडण्याचा अधिकार देतो, पहिल्या खेपेस तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत त्याला डांबून ठेवण्याची तरतूद करतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये या कायद्यातील बरीच कलमे दिल्लीपुरती रद्द केली. ज्या शहराच्या नावाने तो कायदा झाला तिथे मात्र हात पुढे करणे हा गुन्हाच राहिला, आणि काच वर करून बसलेल्या गाडीवाल्याला त्याने एक प्रकारचा दिलासाच मिळतो.

पण मला वाटते, या सगळ्या उत्तरांच्या तळाशी दोनच भीती असतात. आपण फसवले जाऊ ही एक, आणि आपण गुंतले जाऊ ही दुसरी. पहिली भीती आपण मोकळेपणाने बोलून दाखवतो, कारण तिच्यात हुशारी दिसते. दुसरी कोणी बोलत नाही. आज त्या बाईला दहा रुपये दिले तर उद्या ती ओळख ठेवील, परवा मुलाचा ताप सांगेल, तेरवा डॉक्टरची चिठ्ठी पुढे करील, आणि मग एक दिवस रस्ता बदलून जावे लागेल. अनोळखी माणसाला बिस्किटांचा पुडा देणारा उदार गृहस्थ आपल्याच इमारतीच्या वॉचमनच्या बायकोचे ऑपरेशन ठरले आहे म्हटल्यावर दोन दिवस लिफ्टने न जाता मागच्या जिन्याने जातो, हे मी पाहिलेले आहे.

फसवणुकीची भीती आजची नाही. दिदाखे नावाची ख्रिस्तसभेच्या अगदी आरंभकाळातील एक छोटी शिकवण-पुस्तिका आहे. तिचे हस्तलिखित १८७३ मध्ये पुन्हा सापडले. तिच्या पहिल्याच प्रकरणात, जो मागेल त्याला दे, परत मागू नकोस, असे सांगितले आहे, आणि काही ओळींनी लगेच असेही म्हटले आहे की कोणाला द्यायचे हे कळेपर्यंत तुझे दान तुझ्या हातात घामेजू दे. दोन्ही वाक्ये एकाच पानावर! ज्याने कोणी हे लिहिले त्याला विसंगती दिसली नसेल असे मला वाटत नाही. नाणे मुठीत घट्ट धरून, दारात उभ्या माणसाकडे बघत, देऊ की नको असे घुटमळणाऱ्या मनुष्याचा तो तळहात मला तरी अगदी ओळखीचा वाटतो. पुढे चौथ्या शतकात अंत्युखियात प्रवचने करणारे संत योहान क्रिसोस्तोम यांनी या घुटमळण्याला फारशी दयामाया दाखवली नाही. दान करणारा मनुष्य बंदरासारखा असतो, त्यांनी म्हटले. फुटलेल्या जहाजावरचा माणूस सज्जन की दुर्जन हे बंदर विचारत नाही, आधी आत घेते. गरिबाची गरज हीच त्याची शिफारस, त्याच्या आयुष्याची झडती घेण्याचा अधिकार तुम्हाला दिलेला नाही, असा त्यांचा रोख आहे.

मुंबईसारख्या बंदराच्या शहरात हे वाक्य वाचताना बरे वाटते, पण मला ते अर्धेच पटते. दाराशी आलेल्याला एक वेळचे जेवण देताना चौकशी करणे हा निव्वळ आगाऊपणा आहे, यात शंका नाही. मात्र वर्षभर एखाद्या घराचे भाडे भरायचे असेल तर विचारपूस करावीच लागते, कारण तो पैसा दुसऱ्या कोणाच्या तरी घरातून आलेला असतो आणि यादीत पुढचे नाव वाट पाहत असते.

दुसऱ्या भीतीचे, गुंतून पडण्याच्या भीतीचे उत्तर मला चांगल्या शोमरोनी माणसाच्या दाखल्यात सापडते, आणि तेही आपण बहुधा ज्या ओळीवरून भराभर पुढे जातो तिथे. यरुशलेमहून यरीहोला उतरणारी ती वाट सुमारे सत्तावीस किलोमीटरची आणि जवळजवळ एक हजार मीटर उताराची, ओसाड आणि लुटारूंची. तिथे लुटला गेलेला एक वाटसरू जखमी होऊन पडला होता. याजक आणि लेवी, म्हणजे मंदिराचा पुरोहित आणि मंदिराचा सेवक, बाजूने निघून गेले, शोमरोनी थांबला, त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, जखमीला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले आणि रात्रभर त्याची काळजी घेतली, इथपर्यंत सगळ्यांना पाठ असते. दुसऱ्या दिवशी मात्र तो आपल्या कामाला निघून जातो. दोन दीनार, म्हणजे त्या काळची दोन दिवसांची मजुरी, उतारशाळेच्या रखवालदाराच्या हातावर ठेवतो, याची देखभाल करा, वर काही खर्च झाला तर परत येईन तेव्हा देईन, असे सांगतो आणि जातो. तो जखमीला घरी नेत नाही, आपला प्रवास रद्द करत नाही, आयुष्यभराचा भारही उचलत नाही. त्याने एक रात्र दिली, काही रक्कम दिली आणि परत येण्याचा शब्द दिला. एवढे मोजून देणाऱ्याला येशूने शेजारधर्माचा आदर्श ठरवले आहे. शिवाय हा दाखला उतारशाळेशिवाय पुरा होत नाही. रखवालदार नसता तर शोमरोन्याची सगळी दया दुसऱ्या दिवशी सकाळी पेचात पडली असती.

उतारशाळांचे हे महत्त्व विरोधकांनाही कळले होते. चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवतांकडे परतलेल्या रोमन सम्राट जुलियनने आपल्या एका प्रमुख पुरोहिताला चिडून लिहिले होते, की हे गालीली (म्हणजे ख्रिस्ती) लोक स्वतःच्या गरिबांना तर पोसतातच, वर आमच्याही गरिबांना पोसतात. तेव्हा आपणही गावोगावी धर्मशाळा काढल्या पाहिजेत.

मराठी वाचकाला इथे गाडगेबाबा आठवल्यावाचून राहणार नाहीत. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या आसपास पदपथावर अंथरुण टाकून केमोथेरपीच्या पुढच्या तारखेची वाट पाहणारी बिहारची, बंगालची, विदर्भाची कुटुंबे ज्याने पाहिली आहेत, त्याला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचे मोल सांगावे लागत नाही. बाबांच्या दशसूत्रीत भुकेलेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी, उघड्यानागड्यांना वस्त्र, बेघरांना आसरा, रोग्यांना औषधोपचार असा क्रम येतो, आणि मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात अंतिम न्यायाच्या दिवशी राजा जी यादी वाचून दाखवतो तीही जवळजवळ अशीच चालते. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या तर फरकही दिसतात. बाबांकडे मुक्या प्राण्यांना अभय आहे, बेकारांना रोजगार आहे, मत्तयकडे ते नाही. आणि मत्तयकडे एक ओळ आहे जी बाबांकडे नाही: मी तुरुंगात होतो आणि तुम्ही मला भेटायला आलात. माझ्या अनुभवात भल्याभल्यांचा हात याच ओळीशी अडतो. आजाऱ्याला फळे न्यायला वीस जण तयार होतात. कच्च्या कैद्याच्या आईला वकिलाकडे घेऊन जायचे म्हटले की प्रत्येकाला त्याच दिवशी लग्नाचे आमंत्रण असते.

दयेला व्यवस्था लागते ही गोष्ट ज्याने सर्वांत स्पष्ट ओळखली तो मनुष्य म्हणजे संत विन्सेंट दी पॉल. १६१७ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समधील शातियों या छोट्या गावात ते धर्मगुरू होते. एका रविवारी मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, आधी त्यांना कळले की गावाबाहेरच्या एका घरात सगळेच आजारी आहेत आणि पाणी द्यायलाही कोणी उभे नाही. त्यांनी प्रवचनात ते सांगितले. दुपारी स्वतः तिकडे निघाले तेव्हा रस्त्यावर बायकांची रीघ लागली होती. कोणी भाकरी नेत होते, कोणी मांस, कोणी परत येताना झाडाखाली टेकले होते. दुसरा एखादा धर्मगुरू आपल्या प्रवचनाच्या प्रभावावर खूश झाला असता. विन्सेंट यांना चिंता वाटली. एवढे अन्न आज येऊन पडेल, त्यातले बरेच नासेल आणि चार दिवसांनी ते घर पुन्हा उपाशी राहील.

मुंबईकराला हे काही नवे सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा याच शहरातल्या, लिफ्टमध्ये नजर चुकवणाऱ्या याच माणसांनी अनोळखी लोकांना घरात झोपवले, रस्त्यावर पातेली लावून चहा वाटला, कमरेएवढ्या पाण्यात दोर धरून उभे राहिले. त्या रात्री हात आखडला नाही, कारण गरज सगळ्यांना एकदम दिसली आणि ती सकाळपर्यंत संपणारी होती. ज्या गरजेला सकाळ नसते तिथे आपली पंचाईत होते.

विन्सेंट यांनी काही दिवसांतच गावातल्या बायकांना एकत्र करून नियम लिहिले. एकेकीने एकेक दिवस वाटून घ्यायचा, म्हणजे कोणावर कायमचा भार पडणार नाही. ते नियम इतके बारीक आहेत की वाचताना हसू येते: जेवण घेऊन गेल्यावर आजाऱ्याशी हसतमुखाने बोलावे, पलंगावर तबक ठेवावे, रुमाल अंथरावा, त्याचे हात धुवावेत, मग खायला आग्रह करावा. आणि मधेच असे सुचवले आहे, की फेरी सुरू करताना ज्यांच्याजवळ कोणी नातलग आहे त्यांच्याकडे आधी जावे आणि जे एकटे आहेत त्यांच्याकडे सर्वांत शेवटी जावे, म्हणजे तिथे जास्त वेळ बसता येईल. करुणेवर मी पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत; फेरीचा क्रम कसा लावावा याविषयीच्या या एका सूचनेत मला त्या सगळ्यांपेक्षा अधिक सापडले.

त्यांच्याच नावाने दोनशे वर्षांनंतर पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या विद्यार्थी मित्रांनी १८३३ मध्ये एक मंडळ सुरू केले. तुमच्या धर्माने पूर्वी पुष्कळ केले असेल, आज तुम्ही काय करता, असा टोमणा एका वादसभेत ऐकावा लागला, हे त्याचे निमित्त. ओझानाम तेव्हा वीस वर्षांचा होता. त्याने आणि एका मित्राने हिवाळ्यातून उरलेली आपली जळाऊ लाकडे उचलली आणि एका गरिबाच्या घरी नेऊन टाकली. पैसे पाठवून न देता स्वतः घरी जायचे, आणि शक्यतो दोघांनी मिळून जायचे, हा या मंडळाचा शिरस्ता आजही पाळला जातो. मुंबईतल्या अनेक धर्मग्रामांत त्याच्या शाखा आहेत, आमच्या धर्मग्रामातही आहे. सभेच्या शेवटी एक कापडी पिशवी फिरते, प्रत्येकाने मूठ आत घालायची, कोणी किती टाकले हे कोणाला कळत नाही.

दोघांनी जाण्यातले शहाणपण जिन्यावर कळते. आम्ही ज्या वृद्ध गृहस्थांकडे जातो ते माझगावला एका जुन्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. गोदीत काम केलेले, मूळचे कोकणातले, बायको गेलेली, मधुमेहाने एका डोळ्याची दृष्टी मंदावलेली. धर्माने हिंदू, दाराच्या वर गणपतीची तसबीर आहे. एकट्याने जायचे असते तर मी दुसऱ्या मजल्यावरून परत फिरलो असतो असे नव्हे, मुळात घरातूनच निघालो नसतो. क्रिकेटची मॅच असते, पाऊस असतो, पाठ धरलेली असते. पण खाली नाक्यावर जोडीदार उभा असतो, त्याला कारण सांगण्यापेक्षा जाऊन येणे सोपे पडते. तोही, त्याने नंतर सांगितले, नेमके याच कारणासाठी येतो. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला यरुशलेममधील गरिबांसाठी वर्गणी काढताना "संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो" असे लिहिले खरे, पण त्याच पत्रात, वर्षभरापूर्वी कबूल केलेली रक्कम अजून गोळा झालेली नाही म्हणून तो आपला सहकारी तीत याला पुढे पाठवतो आणि गरीब मासेदोनियाकरांनी किती दिले याची आठवणही करून देतो. संतोषाची वाट न पाहता माणूस पाठवणे हे पौलालाही जमत होते.

त्या खोलीत गेल्यावर काका आधी हिशोब दाखवतात. खारी बिस्किटांच्या रिकाम्या पिशवीत रबरबँड लावून औषधांची बिले ठेवलेली असतात. केमिस्टकडून आणलेल्या गोळ्यांच्या पाकिटावर प्रत्येक गोळीच्या वर बॉलपेनने तारीख लिहिलेली असते, दिसत नाही म्हणून ठसठशीत. आम्ही हिशोब कधीच मागितला नाही. "आधी हे बघा, मग चहा," ते म्हणतात, आणि आम्ही बिले पाहिल्याशिवाय स्टोव्ह पेटत नाही. सुरुवातीला मला याचा संकोच वाटे. आपल्याविषयी शंका घेतली जाणार हे गृहीत धरून हा माणूस पुरावे जमवून बसला आहे, असे वाटे. हळूहळू लक्षात आले की त्यात त्यांचा ताठा आहे. गोदीत मालाचा हिशोब ठेवणारा माणूस फुकटचे घेत नाही, तो पावती देऊन घेतो. चहाही तसाच. साखर ते स्वतः घेत नाहीत, आमच्यासाठी शेजारून आणतात. माझा जोडीदार पहिल्यांदा नको म्हणाला तेव्हा काकांचा चेहरा असा उतरला की त्यानंतर आम्ही दोघेही, एकाला डॉक्टरने साखर बंद केली असूनही, तो गोड चहा मुकाट्याने पितो.

काका हिंदू आणि आम्ही चर्चचे, यावरून चाळीत कुजबुज झाली होती. महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसाने मदतीचा हात पुढे केला की हा प्रश्न येतोच, आणि त्याला इतिहास आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. तिथल्या काही मुली त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्या तेव्हा १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सुधारकांनीही सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. त्याच रमाबाईंनी तीन वर्षांनी दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो अनाथ मुली आणि विधवा केडगावला आणून जगवल्या, हेही तितकेच खरे. मला दोन्ही बाजूंचे म्हणणे कळते. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ च्या आपल्या पहिल्याच परिपत्रकात मात्र हा विषय ख्रिस्ती माणसापुरता मिटवला आहे: प्रेम निरपेक्ष असते, दुसरे काही साधण्यासाठी ते वापरायचे नसते, आणि सेवेच्या नावाखाली कोणावर श्रद्धा लादायची नसते. शोमरोन्यानेही जखमी माणसाला त्याचे मंदिर कोणते हे विचारल्याचा उल्लेख नाही. कुजबुज करणाऱ्या शेजाऱ्यांना काकांनी आपल्या पद्धतीने उत्तर दिले. गणेशोत्सवात आमच्या हातावर मोदक ठेवून त्यांना सर्वांसमोर आमची ओळख करून दिली.

वाटप आले की भांडण आलेच, आणि ते प्रेषितांच्या काळापासून आहे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात ग्रीक भाषिकांची तक्रार आहे की रोजच्या वाटणीत आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते, म्हणजे सरळ वशिलेबाजीचा आरोप. त्यावर सात माणसे नेमावी लागली. आमच्या मंडळात सध्या जो वाद चालू आहे तो एका मुलीच्या शाळेच्या फीवरून. वडील पितात. रक्कम परस्पर शाळेत भरावी असे माझे आणि आणखी काहींचे म्हणणे होते. दान हातात घामेजू देण्याचाच तो प्रकार. आईने निरोप पाठवला की शाळेत चेक गेला की कार्यालयातले लोक वर्गात येऊन संस्थेच्या मदतीवरची मुले कोणती असे मोठ्याने विचारतात, मुलगी आठवडाभर शाळेत जायला तयार नसते. पैसे माझ्या हातात द्या, मी इतरांसारखी रांगेत उभी राहून भरीन आणि पावती आणून दाखवीन. सभेत बराच खल झाला. मी विरोधात मत दिले. पैसे घरात एक रात्र जरी राहिले तरी वडिलांच्या हाती लागतील असे मला तेव्हा वाटत होते आणि आजही वाटते. ठराव एका मताच्या फरकाने आईच्या बाजूने गेला, आणि फेरीच्या पाळीप्रमाणे ते पैसे तिच्या हातात नेऊन देण्याचे काम माझ्या जोडीदाराकडे आणि माझ्याकडे आले आहे.